पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना: आधी कागद, मग ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर काढायचं ठरलं की बहुतेक घरांतून पहिला फोन पेंटरला जातो. गाडी चकाचक होते, घरच्यांचे तिच्यासोबत फोटो निघतात, आणि मग मेकॅनिक ब्रेक उघडतो. ब्रेक ऑइल नव्या रंगावर सांडतं, रंग फुगून सोलतो. फ्लोअरचा पत्रा सडलेला निघतो आणि वेल्डिंगच्या ठिणग्या ताज्या दारांवर उडतात. आरटीओत गेल्यावर लक्षात येतं की आरसीवर रंग पांढरा आहे आणि गाडी आता निळी आहे. एकाच गाडीला दोनदा रंग देणारे मालक कमी नाहीत.

म्हणून हा सगळा लेख क्रमाबद्दल आहे. यातलं प्रत्येक काम तुमच्या गावातला जुना मेकॅनिक करू शकतो. कुठलं काम कधी करायचं, हे मात्र मालकालाच सांभाळावं लागतं.

पुढचं सगळं १०८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि स्टिअरिंगवर गियर असलेल्या पद्मिनीला धरून लिहिलंय. आधीच्या फियाट ११०० डिलाइटलाही त्यातलं बहुतेक लागू पडतं. डिझेलची १३७-डी आणि खाली गियर असलेली एस-वन यांचं इंजिन किंवा गियरबॉक्स वेगळा, त्यामुळे तेवढा भाग सोडून वाचा.

टप्पा १: कागद

बॉनेट उघडा. पाटीवरचा आणि बॉडीवर ठोकलेला चॅसिस नंबर, तसंच ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसी बुकाशी एकेक अक्षर ताडून पाहा. गंजामुळे नंबर वाचता येत नसेल तर रॉकेलचा बोळा फिरवा. सँडपेपर किंवा ग्राइंडर लावू नका. घासलेला नंबर म्हणजे खोडलेला नंबर, असाच अर्थ तपासणीत निघतो.

जुनी आरसी पुस्तकाच्या रूपात असेल तर गाडीची नोंद ऑनलाइन दिसते का ते परिवहन पोर्टलवर बघा. दिसत नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदीची ऑनलाइन भर) करून घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचा कुठलाच अर्ज सरकत नाही. गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. भावंडांच्या संमतीच्या सह्या आत्ताच घ्या. गाडी भंगार असताना सगळे हसत सही करतात, ती चमकायला लागल्यावर प्रत्येकाला बालपण आठवतं.

आता मोठा गोंधळ: ‘व्हिंटेज नोंदणी करून टाकू.’ २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडीच व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पद्मिनी हे नावच सत्तरच्या दशकाच्या मध्यात आलं, तेव्हा ऐंशी-नव्वदच्या दशकातली तुमची गाडी यात बसतच नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. रविवारी सहज लोणावळ्याला जाऊन यायचं असेल तर पात्र गाडीलाही नेहमीचं नूतनीकरणच सोयीचं: फॉर्म २५, गाडीची तपासणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. मुदत पाच वर्षं. शुल्क मधूनमधून बदलतं, त्यामुळे आकडा पोर्टलवरच पाहा.

> तपासा: आरसीवर रंग कोणता, इंधन कोणतं? मधल्या काळात कुणी एलपीजी किट किंवा दुसरं इंजिन बसवलं असेल आणि त्याची नोंद नसेल, तर पैसे खर्च करण्याआधी तो गुंता सोडवा.

टप्पा २: काहीही खोलण्याआधी

गाडी धुवू नका. आहे त्या धुळीसकट फोटो काढा: प्रत्येक दाराची आतली बाजू, बीडिंग कुठून सुरू होते आणि कुठे संपते, वायरी डॅशबोर्डमागून कशा गेल्यात, बॅटरीचा ट्रे, डिक्कीचा तळ. जोडणी करताना शंभर फोटोही कमी पडतात.

खोललेला प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. फाटलेलं रबर, तुटलेली क्लिप, खड्डे पडलेला मोनोग्राम, सगळं ठेवायचं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारात किंवा पुण्यात नाना पेठेत तुम्ही ‘पद्मिनीचं दाराचं रबर द्या’ म्हणालात तर मिळेल ते हातात पडतं. जुना तुकडा सोबत असेल तर काप जुळवून घेता येतो. मेकॅनिककडे निघालेले भाग रोज संध्याकाळी घरी आणा. गॅरेजमधून वस्तू चोरीला जातात असं नाही, पण ‘कामाची नाही’ म्हणून फेकल्या जातात.

मग एक चुंबक आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार उचलते. म्हणून सडलेला पत्रा हा इथे दिसण्यापुरता प्रश्न राहत नाही. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला लागतात ती जागा, दाराखालची पट्टी, पायाखालचा फ्लोअर, डिक्कीतला स्टेपनीचा खळगा, बॅटरीच्या ट्रेखालचा कोपरा, इथे स्क्रू ड्रायव्हर जोर देऊन टोचा. खळकन आत गेला तर तिथे पत्रा उरलेला नाही. चुंबक सैल धरला तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. त्याखाली काय आहे देव जाणे.

> सावध: हँगरच्या जागा आणि दाराखालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी गेल्या असतील तर इथेच थांबा आणि पत्र्याच्या कामाचा अंदाज घ्या. तो आकडा परवडत असेल तरच पुढे.

या टप्प्याला आणखी एक ठरवायचं असतं, ते म्हणजे ‘मूळ’ कुठपर्यंत. माझी फूटपट्टी साधी आहे: जो बदल एका दुपारी मागे फिरवता येतो, तो चालेल. हेडलाइटसाठी लपवलेला रिले (स्विचवरचा भार कमी करणारा विजेचा जोड), पेट्रोल लाइनमधला फिल्टर, रेडियल टायर, पुढच्या सीटला बेल्ट, हे चालेल. स्टिअरिंगचा गियर काढून खाली आणणं, डॅशबोर्ड कापून टचस्क्रीन बसवणं, अलॉय व्हीलसाठी मडगार्डची कड ठोकणं, हे नाही. गियर सापडत नाही अशी तक्रार असते, तेव्हा दोष जवळजवळ नेहमी लिंकेजच्या झिजलेल्या बुशांचा असतो. थोड्या पैशांत लिव्हर पुन्हा ठीक पडतो.

टप्पा ३: ब्रेक

इंजिन सुरू करण्याचा मोह इथे आवरायचा. जी गाडी थांबत नाही ती सुरू करण्यात अर्थ नाही.

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि जुन्या पद्मिनीत हायड्रॉलिक सर्किट एकच. म्हणजे चारांपैकी एका व्हील सिलिंडरने दगा दिला तर पेडल थेट जमिनीला. म्हणून ‘एकच गळतोय, एकच बदलू’ हा हिशोब चालत नाही. मास्टर सिलिंडर आणि सगळे व्हील सिलिंडर एकदमच खोला.

१. गाडी सपाट जागी लोखंडी घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर नको. विटा न सांगता फुटतात.

२. ड्रम जाम असेल तर हातोड्याने कडेवर मारू नका, बिडाची कड उडते. शू आतून सैल करा, मग लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू फिरवत ठोका.

३. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

४. व्हील सिलिंडर उघडल्यावर रबराचा कप काढा आणि बोअरच्या आत बोट फिरवा. काचेसारखा गुळगुळीत लागला तर नवं रबर किट पुरेल. नखाला खड्डा अडकला तर सिलिंडरच बदला. एमरी पेपरने घासून ‘चालवून घेणारे’ मेकॅनिक भेटतील. तसा सिलिंडर पावसाळ्यापर्यंत टिकतो, मग पुन्हा गळतो.

५. धुण्यासाठी ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरा. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल वापरलं तर ब्रेकची रबरं फुगतात आणि ब्रेक धरून बसतात. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, कारण डिझेलचा डबा नेहमी हाताशी असतो.

६. तिन्ही रबरी होज डोळे झाकून बदला. बाहेरून ठणठणीत दिसणारा होज आतून सुजलेला असतो. ऑइल जातं पण परत येत नाही, आणि चाक गरम होत राहतं.

७. ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा: आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. ब्रेक ऑइल नव्या सीलबंद डब्यातलंच घ्या. ब्लीडिंगमध्ये निघालेलं पुन्हा वर ओतू नका.

> तपासा: पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी चारही चाकांची आतली बाजू कोरडी आहे का बघा.

चाकं निघालेलीच आहेत तर किंगपिनच्या (पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिच्या) निपलांमध्ये ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी इतकी वर्षं एका जागी उभे राहिलेले टायर आणि ट्यूब बदलायच्याच. मूळ माप ५.२०-१४ क्रॉसप्लाय. रेडियल घेणार असाल तर चारही रेडियल. दोन प्रकार मिसळले तर गाडी वळणावर वेगळंच वागते.

टप्पा ४: पेट्रोलची टाकी ते कार्बोरेटर

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. वास वार्निशसारखा येत असेल तर टाकी उतरवून धुवावी लागेल. रिकाम्या टाकीला झाळण लावायचं असेल तर ते रेडिएटरवाल्याकडेच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते.

एसी पंपाचा, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा, डायाफ्राम (आतला रबरी पडदा) वयाने तडकतो. तडकला की पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू करू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी रबरं त्याने फुगतात आणि चुरतात. डायाफ्राम किट आणि होज घेताना इथेनॉलला टिकणारे आहेत का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. क्लिपा नव्या.

सोलेक्स कार्बोरेटर उघडून जेट काढा, हवा मारा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं झालं की मायलेज गेलं. फ्लोटची सुई बदला. वरचे स्क्रू आलटून-पालटून आवळा. एकाच बाजूने कसले तर झाकण वाकडं होतं आणि मग आयुष्यभर ट्यूनिंग बसत नाही.

टप्पा ५: इंजिन

नवी बॅटरी बसवून थेट चावी फिरवायची, ही इथली ठरलेली चूक. पिस्टनच्या रिंगा बोअरला चिकटलेल्या असतील तर तो एक झटका महागात पडतो.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी गियर न्यूट्रलला, क्रँक पुलीच्या नटावर पाना, आणि हाताने हळूच दाब. थोडं हललं की थांबा, उलट फिरवा, पुन्हा पुढे. पूर्ण दोन फेरे अडथळ्याशिवाय झाले तर अर्धं काम झालं. हलतच नसेल तर लांब पाइप लावून जोर करू नका. आणखी ऑइल, आणखी दोन-तीन दिवस. तरी नाही हललं तर हेड उतरवा.

जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० दर्जाचं साधं मिनरल ऑइल या इंजिनाला मानवतं. महागडं पातळ सिंथेटिक ऑइल जुन्या सीलमधून ठिबकतं. प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच प्लग लावा. फायरिंगचा क्रम १-३-४-२. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट काळे पडलेले असतील तर बारीक कानसाने साफ करा, गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी. गाडी धक्के देत असेल तर कार्बोरेटरला दोष देण्याआधी कंडेन्सर बदलून पाहा. टॅपेटचं माप कंपनीच्या पुस्तिकेतलंच घ्या, ऐकीव नको.

> सावध: पहिल्यांदा सुरू करताना कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतत बसू नका. बॅकफायर झाला की ज्वाला हातावर आणि बॉनेटखाली. पंपाच्या हाताच्या लिव्हरने पेट्रोल वर आणा, आणि आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवा, डिक्कीत नको.

सुरू झाल्यावर नजर तापमानावर. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. एकदा खूप तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) करावं लागतं. म्हणून रेडिएटर उतरवून साफ केल्याशिवाय, थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय आणि होज बदलल्याशिवाय इंजिन दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नका. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. आणि नुसतं नळाचं पाणी घालू नका, कूलंट घाला. अॅल्युमिनियम आतून कुरतडलं जातं ते साध्या पाण्यानेच.

टप्पा ६: वायरिंग

हे थोडक्यात. पूर्ण हार्नेस बदलायची गरज क्वचित पडते. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासा. निम्म्या ‘विजेच्या’ तक्रारी तिथेच मिटतात. इन्सुलेशन वाकवल्यावर तडकत असेल, उंदरांनी कुरतडलेलं असेल, तर तेवढी वायर त्याच रंगाची आणि त्याच जाडीची घाला. हेडलाइटला जास्त वॅटचे हॅलोजन लावले तर सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो आणि स्विच वितळतो. ६०/५५ वॅटचा बल्ब आणि बॉनेटखाली लपवलेला रिले, एवढं पुरतं. डायनमोची गाडी असेल तर मोठा अॅम्प्लिफायर विसरा.

टप्पा ७: रंगाआधीची फेरी

हा टप्पा सगळे गाळतात. गाडी अजून कुरूप आहे, सीट अर्धवट आहे, तरीही ती आत्ताच चालवायची.

विमा चालू असल्याची खात्री करून घ्या. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या आवारातच. दहा-बारा वेळा चालवा आणि थांबवा. मग उतरून चारही ड्रमजवळ हात न्या. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. क्लच दाबूनही गियर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. नोंदणीचं काम झालं की लहान फेऱ्या करा, प्रत्येक फेरीनंतर खाली पुठ्ठा अंथरून सकाळी डाग पाहा: काळा म्हणजे इंजिन ऑइल, जाड आणि उग्र वासाचा म्हणजे गियर किंवा डिफरन्शियल ऑइल, चाकाच्या आतून आलेला पातळ डाग म्हणजे पुन्हा टप्पा ३.

पाचशे किलोमीटरवर ऑइल पुन्हा बदला. या काळात निघतील त्या सगळ्या खोडी काढून घ्या, कारण यानंतर इंजिन उतरवायची वेळ आली तर दोरखंड नव्या रंगाला घासणार.

टप्पा ८: पत्रा आणि रंग

आधी स्वतःला विचारा, रंग द्यायचाच आहे का? कंपनीचा रंग बऱ्यापैकी शाबूत असेल तर कटिंग-पॉलिश करून तो राखणं जास्त मोलाचं. एकदा खरवडला की तो परत येत नाही.

द्यायचाच असेल तर मूळ छटा शोधा: दाराच्या पॅडमागे, डिक्कीतल्या पुठ्ठ्याखाली, जिथे ऊन पोचलेलं नाही तिथे. तिथून जुळवलेला रंग आणि बॉनेटवरून जुळवलेला रंग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. रंग बदलायची हौस असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागेल.

सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करा. वर तुकडा ठेवून लांबी फासली तर आतला गंज वाढतच राहतो. लांबी अगदी पातळ हवी. पेंटर डबाच्या डबा आणत असेल तर डेंटिंग अपुरं आहे असं समजा. दारांच्या आणि फ्लोअरच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती लांबीने किंवा खालच्या काळ्या कोटिंगने बुजली नाहीत ना हे स्वतः वाकून पाहा. आणि ते कोटिंग ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलं तर पाणी आतच कोंडतं; साफ पत्रा, प्रायमर, मग कोटिंग.

क्रोमला देताना बंपर आणि मोनोग्राम वेगळे द्या. मोनोग्राम मऊ ओतीव धातूचे असतात. जोरात बफ मारला की अक्षरांच्या कडा जातात. वस्तू मोजून, फोटोसकट द्या आणि मोजून घ्या.

> तपासा: रंग झाल्यावर दारांमधल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का? बीडिंग बसवायच्या आधी पाहा. नंतर पेंटर ‘आधीपासूनच अशी होती’ म्हणतो, आणि टप्पा २ चे फोटो तेव्हा कामाला येतात.

टप्पा ९: उभी ठेवताना

प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम साचतो. सुती किंवा हवा खेळणारं घ्या, तेही गाडी कोरडी असतानाच. दर आठवड्याला जागेवरच पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्याने नुकसानच होतं, सायलेन्सरमध्ये पाणी राहतं आणि ऑइल पुरेसं तापत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा १०-१५ किलोमीटर नीट चालवा. पावसाळ्यात तेही जमणार नसेल तर कार्बोरेटर रिकामा करा, बॅटरीची वायर काढा, हँडब्रेक सोडून चाकाला लाकडी ओट लावा. हँडब्रेक ओढून ठेवला तर ओलाव्यात शू ड्रमला चिकटतो. सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा कोंबा, नाहीतर आत उंदीर घर करतात. बोळ्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, म्हणजे गणपतीच्या आधी गाडी काढणारा तो काढूनच चावी फिरवेल.